पाठमोरी

"जय भीम उत्कर्षा, केतन बोलतोय. तुझी उंची किती गं?"

उत्कर्षा कॅन्टीनच्या रांगेत ट्रे घेऊन उभी होती. तिला आधी वाटलं, कुणीतरी स्थळ सांगतंय. वयाच्या चौतिसाव्या वर्षी उंची विचारणारे फोन साधारण त्याच कारणानं येतात.

"पाच फूट."

"खरी सांग."

"चार अकरा. का?"

"आणि बॉल टाकता येतो अजून?"

ती रांगेतून बाजूला झाली. मागच्या माणसानं तिची जागा लगेच घेतली.

केतन मेश्राम नागपूरचा. स्टुटगार्टमध्ये सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात गावातल्या प्रत्येक मराठी माणसाची कामं करायचा. चौदा एप्रिलला हॉल घेणं, कुणाच्या आईवडिलांना विमानतळावरून आणणं, नव्या पोरांना घर मिळवून देणं, हे सगळं तोच करायचा. अशाच एका जयंतीच्या जेवणात उत्कर्षा त्याला बोलून गेली होती की ती अमरावती विद्यापीठाच्या मुलींच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी होती. ते त्यानं लक्षात ठेवलं होतं.

गोष्ट अशी होती. दोन वर्षांपूर्वी 'बारा गावचे नऊ' नावाचा मराठी सिनेमा येऊन गेला होता. आश्रमशाळेत क्रिकेटच्या सामानाऐवजी चुकून बेसबॉलचं सामान येतं, आणि खेळाचा गंध नसलेला एक मास्तर नऊ पोरांना घेऊन थेट राज्यस्पर्धेपर्यंत धडकतो, असा विनोदी मामला. लोकांनी डोक्यावर घेतला. आता दुसरा भाग निघत होता आणि त्यात ही वरात स्पर्धेसाठी जर्मनीला येत होती. शूटिंग स्टुटगार्टमध्ये आणि मग हॅम्बर्गमध्ये. स्थानिक व्यवस्था अर्थातच केतनकडे.

"त्यांची हिरोइन तेरा वर्षांची आहे, अन्वी. पोरगी काम झकास करते, पण तिला बॉल टाकता येत नाही," केतन म्हणाला. "पहिल्या भागात इकडून तिकडून कापून जमवलं. लोकांनी यूट्यूबवर ते हळू करून पाहिलं आणि जाम हसले. दिग्दर्शकानं आता हट्ट धरलाय. मागून एक सलग शॉट हवाय, न कापता. हात, बॉल, सगळं खरं. तिच्याएवढी बाई पाहिजे."

"बाई?"

"तेरा वर्षांची मुलगी दिसेल अशी बाई. पाठमोरी."

उत्कर्षा हसली. खूप दिवसांनी ती फोनवर मोठ्यानं हसली आणि बाजूच्या टेबलावरच्या दोघांनी मान वर करून पाहिलं.

ती स्टुटगार्टमध्ये सहा वर्षं होती. एका संशोधन संस्थेत रंगांच्या आणि लेपांच्या थरांवर काम करायची. गाडीच्या पत्र्यावरचा थर कसा टिकतो, कसा सुटतो. काम तिला आवडायचं. सहकारी भले होते. सकाळी 'मॉर्गन', दुपारी 'मालत्साइट', संध्याकाळी 'शोएनन फायराबेंट', आणि एवढ्या अभिवादनांवर दिवस व्यवस्थित पार पडायचा. चढावरच्या एका जुन्या इमारतीत तिची एक खोली होती. खालच्या मजल्यावर फ्राउ हेबर्ले नावाच्या म्हाताऱ्या बाई राहायच्या. जिना झाडायची पाळी आली की त्या उत्कर्षाच्या दारावर 'केरवोखे'ची पाटी अडकवायच्या. वोखे म्हणजे आठवडा; जर्मन शब्दातही केरच आहे याचं तिला पहिल्या वर्षी फार हसू आलं होतं. पण हा विनोद सांगायला कुणी नव्हतं. जर्मनांना केर कळत नव्हता, आणि घरी आईला वोखे कळलं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली की सोमवारी सकाळपर्यंत पुष्कळदा तिच्या तोंडून एक शब्दही निघायचा नाही. मग सोमवारचं पहिलं 'मॉर्गन' घशात अडकायचं आणि तिला खोकून ते मोकळं करावं लागायचं. मराठी मंडळाच्या गणपतीला ती दोनदा गेली होती. पहिल्या वर्षी एका काकूंनी प्रेमानं विचारलं, "वानखडे म्हणजे तुम्ही कुठल्या?" ती म्हणाली, अमरावतीच्या. "नाही, तसं नाही, म्हणजे..." असं म्हणून काकू थांबल्या, आणि मग त्यांना एकाएकी चहाचं पाहायला जायचं आठवलं. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या काकू होत्या. तिसऱ्या वर्षी ती गेली नाही. कुणी का आली नाहीस म्हणून विचारलंही नाही.

तिनं मे महिन्यात उरलाउब, म्हणजे रजा टाकली. बॉस म्हणाले, "शोएन!" आणि सही केली. छान म्हणाले, पण कुठे जाणार हे त्यांनी विचारलं नाही.

केतननं एक चेंडू आणून दिला. नेकार नदीच्या काठी एका पुलाखाली काँक्रीटची रुंद भिंत होती. तिथे संध्याकाळी जाऊन ती चेंडू मारू लागली. पहिल्या दिवशी खांदा असा धरला की दात घासायला डावा हात वापरावा लागला. आईनं पाठवलेली दुखण्याची ट्यूब दर रात्री चोळली. आठवड्याभरानं हाताला वाट सापडली. चेंडू बोटांवरून सुटताना शिवण घासते, तो ओळखीचा खरखरीतपणा परत आला. सायकलवरून जाणारी माणसं तिच्याकडे बघून न बघितल्यासारखी पुढे जायची.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी दिग्दर्शक कुमार तिला भेटला. दाढी वाढलेला, झोप न झालेला, बोलायला गोड माणूस.

"ताई, एकच विनंती आहे. करारातही आहे, पण तोंडी सांगतो. हे कुणाला सांगायचं नाही. आम्ही जाहिरातीत म्हणणार आहोत की अन्वी स्वतः शिकली. मागच्या वेळी पोरीला फार बोलले हो लोक."

"आईलासुद्धा नाही?"

कुमार ओशाळून हसला. "आयांना सांगितलं की गल्लीला कळतं."

तिनं सही केली.

त्या दिवशी तिचं काम नव्हतं, पण ती थांबली. एस-बान लोकलच्या एका स्टेशनवर विनोदी प्रसंग चालला होता. मास्तर गाडीत चढतो, दार लागतं, नऊ पोरं प्लॅटफॉर्मवर राहतात, आणि मास्तर काचेला नाक लावून आतून ओरडत दूर जातो. मास्तरचं काम करणारा श्रीरंग नावाचा नट दर वेळी वेगळं काहीतरी ओरडायचा आणि पोरं खरोखरच हसत सुटायची, मग कुमार डोक्याला हात लावायचा. डबे घेऊन आलेल्या बाईनं उत्कर्षाला न विचारता पोह्यांची प्लेट हातात दिली. "घ्या ताई, गार होतील." दिव्यांची वायर ओढणाऱ्या मुलानं दुसऱ्याला एक सणसणीत शिवी घातली. उत्कर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. शिवी ऐकून रडू येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. चारी बाजूंनी मराठी चाललं होतं आणि तिला कशाचाच अर्थ लावावा लागत नव्हता. कान नुसते उघडे ठेवले तरी पुरत होतं.

तिचा दिवस दुसऱ्या दिवशी आला. बेसबॉलचं मैदान गावाबाहेर होतं. तिला वाटलं होतं, संघातली पोरं असतील, थोडी गंमत होईल. पण पोरं हॉटेलवरच होती. तिच्यासारख्या मोठ्या बाईनं लहान मुलांच्या दिशेनं जोरात चेंडू टाकायला विमावाल्यांची परवानगी नव्हती. म्हणून समोर, जिथे बॅट घेऊन मुलगा आणि त्याच्या मागे चेंडू धरणारा कॅचर असायला हवा, तिथे एक जाळी बांधली होती. पोरांचं चित्रण वेगळं करून नंतर कॉम्प्युटरवर जोडणार होते.

अन्वीचा निळा गणवेश तिला घातला. त्याला पावडरचा वास होता. डोक्यावर दोन वेण्यांचा टोप, लाल रिबिनी. आरशात मागून पाहिलं तर खरंच एक शाळकरी पोर उभी होती.

"ताई, फक्त चेहरा वळवू नका," कुमार म्हणाला.

ती मधल्या उंचवट्यावर उभी राहिली. कॅमेरा पाठीमागे. पाय उचलला, हात मागे गेला, चेंडू सुटला. पहिला फार वर गेला. दुसरा खाली. तिसरा जाळीच्या बरोबर मधोमध. जाळीत शिरताना त्याचा नुसता फस्स आवाज झाला आणि तो खाली पडला. पिचरला समोरून चामड्यावर आपटल्याचा धप्प आवाज यावा लागतो, त्यावरूनच कळतं कसा पडला ते. इथे काही कळत नव्हतं. "वन मोअर, ताई," मागून आवाज यायचा. कधी ढग सरकला म्हणून, कधी रिबीन उडाली म्हणून. जाळीजवळचा माणूस चेंडू गोळा करून बादलीत आणून ठेवायचा. दुपार टळली. शेवटच्या चेंडूला टाळ्या झाल्या. ती वळली तेव्हा सगळे मॉनिटरभोवती गोळा झाले होते आणि त्या चौकटीतल्या पाठमोऱ्या मुलीकडे बघत होते.

मग चेहऱ्याच्या शॉटसाठी अन्वी आली. तोच गणवेश, त्याच वेण्या. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"ताई, मी तुमच्याहून उंच आहे," अन्वी म्हणाली.

खरंच होती, दोन बोटं. कुमारनं ते ऐकून कपाळाला हात लावला, आणि दोघी हसल्या.

संध्याकाळी केतन तिला हॉटेलवर जेवायला घेऊन गेला. मे महिन्यातला उजेड सरता सरत नव्हता. जेवणाआधी अन्वी तिच्याकडे आली. "मला शिकवाल? खरंखुरं?"

हॉटेलच्या मागे गाड्या लावायची जागा होती. उत्कर्षानं एका कोपऱ्यात तिला उभं केलं. बोटं शिवणीवर कशी ठेवायची, कोपर कुठे हवं, कंबर आधी आणि हात नंतर. पोरगी चटपटीत होती. डोंबिवलीच्या बाराव्या मजल्यावर राहायची, मोकळी जागा तिनं पाहिलीच नव्हती.

"पाय वर गेला की जरा थांब," उत्कर्षा म्हणाली.

"का?"

उत्कर्षाला याचं उत्तर द्यावं लागेल असं वाटलं नव्हतं. "माझी सवय आहे. चूकच म्हण. आमच्या गल्लीत माझा बॉल धरायला कुणी तयार नसायचं. मुलांचे हात दुखायचे, मुलींना घरी कामं असायची. मग आई बसायची. अंगणवाडीतून आली की बादली उपडी टाकून तिच्यावर बसायची, पदर खोचायची आणि ग्लोव्ह घालायची. तिला सावरून बसायला वेळ लागायचा. मी पाय उचलून तिच्यासाठी थांबायची. ते अंगातच बसलं."

"तुमच्या आईला लागायचं नाही?"

"मधलं बोट अजून वाकडं आहे."

अन्वीनं चेंडू हातात फिरवला. मग खाली बघत म्हणाली, "ताई, मला सांगायला लावणार आहेत की मीच टाकला. मुलाखतीत. मी खोटं बोलू?"

अन्वीची आई लांब खुर्चीवर बसून फोनवर बोलत होती. या दोन दिवसांतली एवढी एकच गोष्ट उत्कर्षाची स्वतःची होती, तिनं टाकलेला तो चेंडू. तो या पोरीला देऊन टाकायचा की नाही, हे तिला त्या गाड्यांच्या मधे उभं राहून ठरवायचं होतं.

"बोल तू," ती म्हणाली. "रोज टाकत राहा. सिनेमा येईपर्यंत ते खरं होईल."

"प्रॉमिस. रोज व्हिडिओ पाठवीन."

तिसऱ्या दिवशी तिला बोलावलं नव्हतं तरी ती गेली. चौथ्या दिवशी सकाळी बस हॅम्बर्गला निघाली. श्रीरंगनं खिडकीतून हात जोडले. डब्यांच्या बाईनं उरलेला चिवडा पिशवीत बांधून दिला. अन्वीनं तिला मिठी मारली आणि पळत जाऊन मागच्या सीटवर चढली. केतनही त्यांच्याबरोबर गेला. बस वळली, आणि हॉटेलचा माणूस दारापुढचा कचरा झाडू लागला. उत्कर्षाची एक दिवस सुट्टी अजून शिल्लक होती. ती घरी आली तेव्हा दारावर केरवोखेची पाटी होती. तिनं जिना वरपासून खालपर्यंत झाडला, दोनदा.

अन्वीचे व्हिडिओ आले. पहिले दोन आठवडे रोज. बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर खडूनं काढलेल्या चौकोनात. उत्कर्षा लिहायची, 'कोपर वर.' मग आठवड्याला एक. शाळा सुरू झाली, आठवीचा अभ्यास, मग एका मालिकेचं काम. गणपतीत एक फोटो आला, मोदकांचा. त्यानंतर काही आलं नाही. उत्कर्षानं दिवाळीला शुभेच्छा पाठवल्या. अन्वीच्या आईनं त्याच फोनवरून हात जोडलेलं चित्र पाठवलं.

जानेवारीत सिनेमा लागला. जर्मनीत तो कुठे दाखवणार नव्हते. केतन तोपर्यंत नोकरी बदलून हॅम्बर्गलाच गेला होता. एका दुपारी जेवताना उत्कर्षानं अन्वीची मुलाखत पाहिली. पोरगी आठ महिन्यांत चांगलीच वाढली होती. मुलाखत घेणारीनं विचारलं, तो शॉट खरंच तू केलास? अन्वी कॅमेऱ्याकडे बघून गोड हसली. "हो. मी रोज सराव केला." उत्कर्षानं ते तेवढंच मागे नेऊन पुन्हा पाहिलं. खरं असेल कदाचित. कळायला मार्ग नव्हता. तिला राग आला नाही. आपणच सांगितलं होतं. फक्त ताटातलं पुढे जाईना.

रविवारी आईचा फोन आला. गयाबाई अमरावतीला एकट्याच राहायच्या.

"मी अन् शेजारची कुंदा जाऊन आलो पिक्चरले," त्या म्हणाल्या. "तुह्या त्या बॉलचा पिक्चर हाय ना, म्हटलं पाहू."

"कसा वाटला?"

"हासून हासून पोट दुखलं वं. तो मास्तर कुकर घेऊन विमानात बसते. आता काय सांगू तुले." गयाबाईंनी बराचसा सिनेमा सांगितला. मग थांबल्या. "उत्कर्षा, त्या पोरीचा हात कोनाचा व्हय?"

"कोणाचा म्हणजे? तिचाच."

"तिचा नाही तो."

"मला काय माहीत, आई."

"पाय उचलते अन् थांबते. तशी थांबनारी म्या एकच पोरगी पाह्यली." उत्कर्षानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "जाऊ दे. सांगायचं नसन तं नको सांगू. मले एवढंच सांग, समोर जो पोट्टा बसला व्हता, त्याचा हात तं नाही ना मोडला? लय जोरात गेला बॉल."

करार होता, कुमारला दिलेला शब्द होता. पण त्या प्रश्नाला तिच्याकडे दुसरं उत्तरच नव्हतं.

"कुणी नव्हतं आई समोर. जाळी होती. तो मुलगा नंतर जोडला."

"जाळी?"

"हो."

"दिवसभर जाळीत टाकत व्हती?"

"तीस-चाळीस माणसं होती गं तिथं."

"पन धरनारं कोनी नव्हतं."

"नाही."

गयाबाईंकडे रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, तो आवाज इकडे स्पष्ट आला. "मले बोलावलं असतं तं आली असती," त्या शेवटी म्हणाल्या. "गुडघे दुखतात, पन बादलीवर काय, बसनंच तं हाय."

उत्कर्षा हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. तिनं फोन लांब धरला. आई पलीकडून सिनेमातला पुढचा विनोद सांगत राहिली, मुद्दामच, मोठ्या आवाजात, तिचं रडणं संपेपर्यंत.

मार्चअखेर संस्थेनं तिची नेमणूक आणखी दोन वर्षांसाठी वाढवली. बॉस म्हणाले, "शोएन!" आणि सही केली. एप्रिलमधल्या एका शनिवारी ऊन पडलं होतं. ती बसनं त्या बेसबॉलच्या मैदानावर गेली. का गेली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. बायकांचा संघ सराव करत होता. विशीतल्या, चाळिशीतल्या, एक तर पांढऱ्या केसांची. ती कुंपणाबाहेर उभी राहिली. त्यांच्यापैकी एकीनं पाहिलं आणि हाक मारून विचारलं, कुणी हवंय का.

"नुअर गुकन," उत्कर्षा म्हणाली. नुसतं बघते.

तिनं पूर्ण सराव बघितला. त्यांची पिचर उंच होती, हात चांगला होता, पण कंबर उशिरा वळत होती. सराव संपल्यावर गवतभर चेंडू पसरले होते. बायका दमून बाकावर पाणी पीत बसल्या. फाटक उघडंच होतं. उत्कर्षा आत गेली आणि कुणी न सांगता चेंडू उचलू लागली. मघाची बाई बादली घेऊन आली आणि तिच्या बाजूनं वेचू लागली. दोघींनी न बोलता अर्धं मैदान साफ केलं.

"मंगळवारी पण असतो आम्ही," ती बाई बादली उचलत म्हणाली. "सहा वाजता. येशील?"

आपला आवाज बसला असेल म्हणून उत्कर्षानं आधी खाकरून घेतलं.

"माल शाउएन," ती म्हणाली. बघू.